मेन स्विचला न जुमानणारा दिवा

क्लूनबेगचं पोस्ट बंद झालं तेव्हा डिंफ्ना गेरिटीला निरोपादाखल भिंतीवरचं घड्याळ मिळालं. पोस्टातलंच. ते पोस्ट चालू असतानाही मागे पडायचं, त्यामुळे दुसऱ्या कुणी मागितलं नव्हतं. गावाला तिकिटांची फारशी गरज उरली नव्हती हे खरं. लोक पोस्टात यायचे ते कोण गेलं, कोण जायच्या बेतात आहे आणि दफन कुठल्या चर्चला, हे विचारायला. पोस्टाला कुलूप लागल्यावर आयर्लंडमधल्या रॉसकॉमन परगण्याच्या त्या कोपऱ्यात माणसं परस्पर मरू लागली.

डिंफ्ना पंचावन्नची होती. लग्न झालं नव्हतं, आणि त्याबद्दल विचारायचं गावानेही कधीच सोडून दिलं होतं. आई गेल्यापासून घरात ती आणि तिचे वडील जार्लथ. नव्वदीला टेकलेले, कंबरेचं हाड बदललेलं, कान फक्त सोयीपुरते चालू. तिने महिनाभर घर आवरलं. आवरण्यासारखं काही उरेना तेव्हा तिने लिमरिकच्या एका ऑनलाइन शाळेत नाव घातलं. अभ्यासक्रम होता घरगुती वायरिंगचा. जाहिरातीत पिवळं हेल्मेट घातलेली एक बाई हातात पक्कड धरून हसत होती. पक्कडीत काहीच धरलेलं नव्हतं, म्हणूनच बहुधा हसू येत होतं.

"वायरिंग घरबसल्या शिकायचं?" जार्लथ म्हणाले. "म्हणजे पलंगावर पडून पोहायला शिकण्यासारखंच की."

"तुम्ही कुठे शिकलात, डॅडी?"

"खांबावर. पडलो असतो तर मेलो असतो, म्हणून लक्ष लागायचं."

खांबांबद्दल त्यांना बोलायचा अधिकार होता. छप्पनच्या साली गावात वीज आली ती जार्लथ गेरिटी आणि त्यांच्या टोळीच्या खांद्यावरून. दलदलीत खड्डे खणून, घोड्याने ओढून आणलेले खांब त्यांनी उभे केले. चर्चच्या हॉलमध्ये अजून त्यांचा फोटो आहे. पहिल्या खांबाशेजारी टोळी उभी आहे, मधोमध जार्लथ. छाती अशी पुढे, की खांब त्यांच्या आधाराने उभा आहे असं वाटावं. म्हातारपणी माणसाला एखादी गोष्ट लागते तशी त्यांना तो फोटो होता. दर रविवारी मासच्या प्रार्थनेनंतर हॉलमध्ये चहा प्यायचा तो त्या फोटोच्या बरोब्बर खाली उभं राहून.

घरात इंटरनेट नीट पोहोचायचं ते एकाच ठिकाणी, स्वयंपाकघरातल्या टेबलाच्या कोपऱ्यावर. भिंतीवर तिथेच येशूच्या पवित्र हृदयाची तसबीर होती आणि तसबिरीखाली लाल काचेचा लहानसा दिवा. आयर्लंडच्या त्या भागात असं स्वयंपाकघर नाही ज्यात तो नाही. त्याला बटण नसायचं. बटण असलं की कुणीतरी बंद करणार, आणि तो बंद करायचा नसतो. इतका साधा हिशोब. त्यामुळे प्रत्येक वर्गात पडद्यावर डिंफ्नाच्या डाव्या कानामागे एक लाल ठिपका दिसायचा. तिचे शिक्षक गेथिन हे लिमरिकला स्थायिक झालेले वेल्शमन. चॅपलच्या पांढऱ्या, एकही तसबीर नसलेल्या भिंती पाहत वाढलेले. तो ठिपका राउटरचा आहे असं ते कित्येक महिने समजत होते.

डिंफ्नाला अभ्यास आवडू लागला. फेज, न्यूट्रल, अर्थिंग. एकातून प्रवाह येतो, दुसऱ्यातून परत जातो आणि तिसरा काही बिघडलं तर जीव वाचवतो. पोस्टात तिने याहून गुंतागुंतीची कुटुंबं पाहिली होती. गेथिन प्रत्येक तास एकाच वाक्याने सुरू करायचे: "तार मेलेली आहे असं समजायचं नाही. मेलेली आहे हे सिद्ध करायचं." आधी टेस्टर चालू तारेवर तपासायचा, मग बंद तारेवर लावायचा, मग पुन्हा चालू तारेवर, न जाणो टेस्टरच मधल्या मध्ये मेला असेल तर.

"कसला संशयी माणूस आहे," पेपरमधल्या निधनवार्तांमागून जार्लथ म्हणायचे. "बायको कशी नांदत असेल?"

"तुम्हाला ऐकू येत नाही ना, डॅडी?"

"याचंच तेवढं येतं."

संध्याकाळचा तास संपला की ती तिथेच बसून राही. दिवे लावायच्या आधी थोडा वेळ स्वयंपाकघर त्या लाल उजेडात असायचं, मुरंब्याच्या बरणीत बसल्यासारखं. याच उजेडात तिने पाढे पाठ केले होते. याच उजेडात आई, अट्रॅक्टा, पहाटे चुलीतली राख बाजूला सारून टर्फचे, दलदलीतून कापून वाळवलेल्या मातीचे, तुकडे रचायची, आणि तिचे हात कोपरापर्यंत लाल दिसायचे. नाचाच्या कार्यक्रमाहून परतताना दलदलीच्या रस्त्यावरून खिडकीतला तो ठिपका आधी दिसायचा, घर मागून यायचं. वादळात तारा तुटल्या की दिवाही जायचा, पण ते देवाचं आणि कंपनीचं आपसातलं प्रकरण. एरवी तो जात नसे. डॅडी फ्यूज बदलायला मेन बंद करायचे, सगळं घर काळोखात बुडायचं, आणि तो मात्र तेवत राहायचा. "मेन बंद केला म्हणून देव बंद होतो होय?" आई म्हणायची. डिंफ्नाने हे शाळेत सिस्टरला सांगितलं होतं. सिस्टरने तिला चॉकलेट दिलं होतं.

प्रात्यक्षिक परीक्षा मार्चमध्ये आली. स्वतःच्या घराचा बोर्ड सुरक्षितपणे बंद करून दाखवायचा, नोंदणी केलेल्या इलेक्ट्रिशियनच्या उपस्थितीत, कॅमेऱ्यासमोर. नोंदणीवाला म्हणून फिंटन स्कॅनलन आला. शाळेत तो तिच्या मागच्या बाकावर बसायचा. आता त्याची व्हॅन होती, गुडघे दुखत होते आणि पोटमाळ्यावर चढायला माणूस हवा होता. पास झालीस तर तुला व्हॅनवर घेतो, असा शब्द त्याने दिला होता.

"घाबरू नकोस," तो बिस्किटाचा पुडा उघडत म्हणाला. "चुकलीस तर मी आहेच. मीही चुकलो तर अग्निशमनवाले आहेत, अर्ध्या तासात येतात."

मेन बंद केला की राउटरही बंद होणार, म्हणून लॅपटॉप फिंटनच्या फोनच्या इंटरनेटला जोडला होता. डिंफ्नाने टेस्टर तपासला, मेन खाली ओढला, त्याला लाल कुलूप लावलं, किल्ली खिशात टाकली. फ्रिजची घरघर थांबली. तिने बोर्डावरची एकेक तार तपासली, पुन्हा टेस्टर तपासला आणि टेबलाशी येऊन म्हणाली, "सर, घर पूर्ण मृत आहे."

"छान. अगदी छान," गेथिन म्हणाले. मग ते पडद्याच्या जवळ आले. "राउटर बंद आहे ना?"

"हो."

"मग तुमच्या मागे ते लाल काय आहे?"

डिंफ्नाने वळून पाहिलं.

जन्मभर पाहिलेली गोष्ट होती. पण आतापर्यंत तिने ती मुलगी म्हणून पाहिली होती; आज पहिल्यांदा विद्यार्थिनी म्हणून पाहिली. सगळं घर मेलेलं आणि दिवा जिवंत. याचा अर्थ पुस्तकात एकच होता, आणि त्यात देव कुठेच नव्हता. फिंटन चहाच्या कपात खोल काहीतरी शोधू लागला. जार्लथांचा पेपर एकदम उंच झाला.

"बॅटरीचा आहे," पेपरमागून आवाज आला.

"बॅटरीचा आहे का, डिंफ्ना?" गेथिननी विचारलं.

"बघून सांगते, सर."

"सांगा. हे कळल्याशिवाय मी सही करू शकत नाही. गुरुवारी पुन्हा भेटू." पडदा काळा झाला.

फिंटन उठला. "मी चहा पीत होतो," तो म्हणाला. "चहा पिताना मला काही दिसत नाही, डॉक्टरांनी लिहून दिलंय." तो गेल्यावर डिंफ्नाने मेन चालू केला आणि पेपर वडिलांच्या हातातून काढून घेतला.

"कुठून आलीय ती तार?"

"वरून."

"वरून म्हणजे स्वर्गातून?"

"त्याच्या थोडं खालून. पोटमाळ्यातून." जार्लथनी चष्मा काढून पुसायला घेतला. "बाहेरची तार भिंतीतून आत येते ना, तिथून. मीटरच्या आधी."

मग त्यांनी सांगितलं. वीज आली तेव्हा घरात त्यांची आई होती, ऑनोरा. या बाईने आयुष्यात कशावर विश्वास ठेवला नव्हता, तो मीटरवर कशाला ठेवेल? ती तिपाई घेऊन मीटरसमोर बसायची आणि आतली चकती फिरताना पाहायची. चकती जोरात फिरली की ओरडायची, "कोण आहे रे? काय लावलंय?" दुसऱ्या वर्षी अट्रॅक्टा सून होऊन आली ती माहेरून हा दिवा घेऊन. ऑनोराने साफ सांगितलं, दिवस-रात्र जळणारा दिवा या घरात चालणार नाही. देवाला काय रात्रभर वाचत बसायचंय?

"तुझी आई काही बोलली नाही," जार्लथ म्हणाले. "दिवा कागदात गुंडाळून ट्रंकेत ठेवला. भांडली असती तर मी काही केलं नसतं. तुला सांगतो, न बोलणारी बायको माणसाला गुन्हेगार करते."

एका दुपारी ऑनोरा बाजाराला गेली असताना ते शिडी लावून चढले. संध्याकाळी दिवा लागलेला पाहून म्हातारीने घरातले बाकीचे सगळे दिवे बंद करायला लावले आणि तिपाई घेऊन मीटरसमोर बसली. चकती हलेना. तिने डोळे चोळले, क्रूस केला आणि दुसऱ्या दिवशी फादरना घेऊन आली.

"मग?"

"फादरांनी मीटरकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि चहा मागितला."

डिंफ्नाला हसू आलं आणि त्याचा रागही आला. "आणि मम्मीला? तिला ठाऊक होतं?"

"पहिल्याच रात्री विचारलंन. चोरीचा दिवा देवाला चालतो का म्हणाली. मी म्हटलं, शेवटच्या घटकेला क्रूसावर त्याच्या दोन्ही बाजूंना चोरच होते. त्याने तक्रार केल्याचं ऐकलं नाही." त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. "ती हसली. पोरी, तुझी आई तशी कमी हसायची."

मग जार्लथ हळूच म्हणाले, "गुरुवारी त्यावर टॉवेल टाक. किंवा लॅपटॉप जरा फिरव. वीतभर. तुझी परीक्षा होईल, फिंटन तुला घेईल. मी किती दिवसांचा आहे? मी गेलो की काढ काय काढायचं ते."

"आणि आग लागली तर?"

"इतकी वर्षं लागली नाही." मग खरं ते बाहेर आलं. "कंपनीला कळवावं लागेल, डिंफ्ना. खांबावरून बंद केल्याशिवाय त्या तारेला हात लावता येत नाही. आणि कंपनीला कळलं की गावाला कळलं. गावात वीज आणली कुणी? जार्लथ गेरिटीने. पहिली चोरली कुणी? त्यानेच. हॉलमध्ये फोटो आहे माझा, बाई. त्याच्याखाली उभं राहून चहा कसा पिऊ?"

लॅपटॉप वीतभर फिरवणं ही खरोखरच फार सोपी गोष्ट होती. बुधवारी तिने तो फिरवूनही पाहिला. पडद्यावर लाल ठिपक्याच्या जागी ताटाळं दिसत होतं, अगदी निरागस. तिने तो परत जागेवर ठेवला, डोक्याला विजेरी बांधली आणि पोटमाळ्यावर चढली.

तुळयांमधून रांगत ती गॅबलच्या, घराच्या टोकाच्या तिकोनी भिंतीपर्यंत गेली. तिथे जुन्या रबरी वेष्टणाची जाड तार भिंतीतून आत आली होती आणि तिला एक बारकी तार गुंडाळलेली होती. तिने हात लावला नाही. गेथिनचं वाक्य कानात होतंच. पण पाहायला हात लागत नाही. वेष्टण बिस्किटासारखं फुटलेलं. उंदरांनी कुठे कुठे चव घेतलेली. आणि जोडाखालची तुळई काळी पडलेली. धुळीने नाही. तो काळेपणा तुळईच्या अलीकडच्या टोकापर्यंत पसरला होता. तिने त्या टोकाला, तारेपासून दूर, तळहात टेकवला. कोळसा हाताला लागला. याच्या बरोब्बर खाली तिची खोली होती. लहानपणी ताप आला की आई ज्या पलंगाशी बसायची, तो तिथे, खाली.

ती खाली आली आणि तळहात वडिलांसमोर धरला.

जार्लथनी तो दोन्ही हातांत धरला. खिडकीकडे नेला, वास घेतला. लाकूड जळाल्याचा वास त्यांना कुणी सांगावा लागणार नव्हता.

"पलंगाच्या वर?"

"हो."

"फोन दे," ते म्हणाले.

"मी करते, डॅडी."

"गुन्हा माझा. फोनही मीच करणार."

कंपनीचा नंबर लागला. यंत्रातली बाई बोलू लागली: बिलासाठी एक, वीज गेली असल्यास दोन, वीजचोरी कळवायची असल्यास तीन. जार्लथनी बोट हवेत थोडा वेळ धरलं आणि तीन दाबलं. बऱ्याच वेळाने एक तरुण आवाज आला. आपलं नाव गुप्त राहील, तो म्हणाला. कुणाविरुद्ध तक्रार आहे?

"जार्लथ गेरिटी, क्लूनबेग."

"आपले शेजारी का?"

"त्याहून जवळचा."

"किती दिवसांपासून चालू आहे, काही अंदाज?"

"सत्तावन्नच्या उन्हाळ्यापासून."

पलीकडे कीबोर्ड खडखडला आणि थांबला. "सर, आमच्या फॉर्ममध्ये तेवढी मागची तारीख जात नाही."

"मग जाते तेवढी टाक, बाळा," जार्लथ म्हणाले.

गुरुवारी सकाळीच कंपनीची गाडी आली. डिंफ्नाने गेथिनना लिहून टाकलं होतं: दिवा बॅटरीचा नाही, मेनच्या आधीचा आहे, काढला की कळवते. फिंटनही आला होता, यावेळी चहा न घेता. खांबावर फ्यूज ओढला गेला. जार्लथ काठी टेकत अंगणात उभे होते आणि खांबाकडे नाही, स्वयंपाकघराच्या खिडकीकडे पाहत होते. तिथला लाल ठिपका गेला. खिडकी कुठल्याही घराची असावी तशी झाली.

लाइनमन पोटमाळ्यातून जोड कापून घेऊन उतरला. "हा कुणी केला?" त्याने विचारलं. "झाळ नाही, काही नाही. नुसतं पिळून ठेवलंय. कसलं गचाळ काम!"

एवढा वेळ धीराने उभे असलेले जार्लथ लालबुंद झाले. "एका हाताने शिडी धरली होती मी!" ते गरजले. "आणि म्हातारी बाजारातून यायची वेळ झाली होती! तू करून दाखव!"

लाइनमनने त्यांच्याकडे पाहिलं, मग तुकड्याकडे, आणि गाडीत जाऊन 'जुनी सदोष जोडणी, काढली' एवढंच लिहिलं. पण त्याची मावशी क्लूनबेगचीच होती. पोस्ट असतं तर बातमी दुपारपर्यंत पोहोचली असती. नव्हतं, म्हणून संध्याकाळ झाली.

रविवारी जार्लथ चर्चला जायला तयार होईनात. गुडघा, कंबर, वारा, सगळं पुढे केलं. डिंफ्नाने कोट अंगावर चढवला आणि गाडीत बसवलं. मास झाली. हॉलमध्ये ते शिरले तशी कुजबुज थांबली. त्यांच्या नेहमीच्या जागी, फोटोखाली, कुणी उभं नव्हतं. जार्लथ दाराशीच थांबले, भिंतीला टेकून, नव्या पाहुण्यासारखे.

पहिल्या आल्या मिसेस टिघ. त्यांनी डिंफ्नाला केकच्या टेबलाआड ओढलं. "तुझं ते शिक्षण झालं का गं? नाही म्हणजे, आमच्याकडचा पण जरा बघशील? आमचे सासरे तुझ्या डॅडींच्या टोळीत होते." मग लॅव्हिनांचा थोरला आला, खिशात हात घालून. त्याच्या स्वयंपाकघरातला दिवाही मेन बंद केला तरी चालू राहायचा. त्याची आजी त्याला चमत्कार म्हणायची. मग एक निवृत्त शिक्षिका. मग खुद्द फादर, नवे, नायजेरियाहून आलेले. चर्चच्या घरातला दिवा कधीच जात नाही, हे त्यांनी श्रद्धेने बिशपांना कळवूनही टाकलं होतं.

डिंफ्नाने हॉलच्या पलीकडे पाहिलं. वडिलांनी सगळं ऐकलं होतं. कान सोयीपुरते चालू होतेच.

"डॅडी?"

"मी एकालाच दाखवलं होतं," जार्लथ म्हणाले. "कसं करायचं ते. शपथ घातली होती त्याला." मग ते सरळ झाले, काठी टेकत हॉल ओलांडून गेले आणि फोटोखाली उभे राहिले. "चहा मिळेल का इथे कुणाला?"

पुढच्या तासाला घर खरंच मृत निघालं आणि गेथिननी सही केली. दिवा तिने स्वतः लावला, नव्या तारेवर, मीटरच्या पलीकडे, फिंटनच्या डोळ्यांदेखत. नियमाप्रमाणे त्याला बटणही आलं. जार्लथनी ते बटण बराच वेळ न्याहाळलं.

"हे कुणासाठी?"

"तुमच्यासाठी. कधी झोपायला त्रास झाला तर."

"मला कंबर बदलल्यापासून इथेच खाट टाकून दिलीयस. एक दिवस झोप लागलेली नाही त्याच्यापायी," ते म्हणाले. "पण सांगणार कुणाला? तुझ्या आईला?"

ती टर्फ आणायला बाहेर गेली. टोपली भरून वळली तेव्हा उजेड सरत आला होता. खिडकीतला लाल ठिपका होता, आणि मग नव्हता. ती टोपली घेऊन अंगणातच उभी राहिली. आत जाऊन पाहावंसं वाटलं, विचारावंसं वाटलं. पण आत म्हातारा माणूस अंधारात बसून बायकोशी काहीतरी बोलत होता. दारातून शब्द कळत नव्हते, सूर तेवढा कळत होता. मधेच तो थांबायचा, कुणी उत्तर देत असावं तसा.

मग ठिपका परत लागला. डिंफ्नाने टोपली कमरेवर घेतली आणि दार ढकललं.

"कुठे होतीस इतका वेळ?" जार्लथ म्हणाले. "विस्तव विझायला आलाय."